तुरुंगातील आक्रमकता : कैदी ती आत आणतो की तुरुंग ती घडवतो?

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुरुंगातील मारामाऱ्या, हल्ले आणि दंगे यांचे स्पष्टीकरण देताना पाठ्यपुस्तके दोन सिद्धान्त समोरासमोर उभे करतात. हिंसेची सवय कैदी बाहेरूनच घेऊन येतो, असे एक सिद्धान्त सांगतो. तुरुंगातील वंचनाच, म्हणजे तिथे हिरावल्या जाणाऱ्या गोष्टींची उणीवच, माणसाला हिंसक बनवते, असे दुसरा सांगतो. यांपैकी कोणता ग्राह्य धरावा, विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून नकली तुरुंगात ठेवणाऱ्या स्टॅनफर्डच्या प्रसिद्ध प्रयोगाला किती किंमत द्यावी, आणि महाराष्ट्रातील एखाद्या कारागृहात या विषयावर प्रबंध करायचा झाल्यास नेमके काय मोजावे, असे तिने विचारले आहे.

चिकित्सक मानसशास्त्रज्ञ म्हणून माझ्या नोकरीचा बराच काळ कारागृहांच्या दवाखान्यांत आणि बराकींत गेला असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे. माझे मत आधीच सांगतो. दोन्ही सिद्धान्त खरे आहेत, पण दोघांनाही एका साध्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही : तोच कैदी, तीच बराक, तीच गर्दी असताना मारामारी आजच का झाली, काल का झाली नाही? या प्रश्नाच्या मागे लागले की टंचाईपेक्षा अनिश्चितता आणि कष्टापेक्षा अवमान यांचा हात अधिक दिसतो. पुढचे सारे विवेचन या मताच्या आधाराने केले आहे.

आधी बाहेरून आणलेल्या आक्रमकतेविषयी. जॉन आयर्विन आणि डोनाल्ड क्रेसी यांनी १९६२ साली हा सिद्धान्त मांडला. कैद्यांची जी वेगळी संस्कृती म्हणून दाखवली जाते, तिचा मोठा भाग तुरुंगात जन्मत नाही, तर बाहेरच्या गुन्हेगारी जगातून आत येतो, असे त्यांचे म्हणणे होते. आयर्विन यांनी स्वतः सशस्त्र दरोड्याच्या गुन्ह्यासाठी कॅलिफोर्नियातील सोलेदाद येथे पाच वर्षे काढली होती आणि नंतर ते समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, हे लक्षात घेतले तर त्यांच्या मांडणीतील आत्मविश्वास कळतो. पुढच्या संशोधनाने त्यांना बरेच बळ दिले. कमी वय, आधीच्या हिंसेचा इतिहास आणि टोळीशी संबंध या तीन गोष्टींवरून तुरुंगातील हिंसक वर्तनाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, हे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. कॅम्प आणि गेस यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला कॅलिफोर्नियातील अभ्यास तर विशेष महत्त्वाचा आहे. त्यात कडक बंदोबस्ताच्या वर्गात मोडणाऱ्या ५६१ कैद्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे सौम्य बंदोबस्ताच्या तुरुंगात पाठवले गेले आणि काहींना त्यांच्या मूळ वर्गाच्या तुरुंगात. दोन वर्षांत गंभीर शिस्तभंग करणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, म्हणजे अनुक्रमे ३३ आणि ३६ टक्के होते. तुरुंग बदलला तरी माणूस फारसा बदलला नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

आपल्याकडे या सिद्धान्ताला पुरावा शोधावा लागत नाही. मुंबईच्या टोळ्यांतील वैर बराकींपर्यंत पोहोचते म्हणूनच विरोधी टोळ्यांच्या लोकांना वेगवेगळ्या बराकींत, कधी वेगवेगळ्या तुरुंगांत ठेवावे लागते. २०१० च्या जुलैमध्ये आर्थर रोड कारागृहात १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातील एका आरोपीवर दुसऱ्याने धार लावलेल्या चमच्याने हल्ला केल्याचे प्रकरण गाजले होते. त्यामागचे वैर त्या चमच्याच्या कितीतरी आधीचे होते.

तरीही ‘हिंसक स्वभाव बाहेरून येतो’ हे विधान मला ढोबळ वाटते. कैदी आपल्यासोबत जे आणतो ते रागाचे गाठोडे नसते. समोरच्याच्या वागण्याचा अर्थ लावण्याची एक घट्ट बसलेली रीत असते. केनेथ डॉज यांनी १९८० पासून आक्रमक मुलांवर जे काम केले त्यातून हे स्पष्ट झाले की, दुसऱ्याची कृती संदिग्ध असेल, म्हणजे धक्का मुद्दाम लागला की चुकून हे कळत नसेल, तेव्हा अशी मुले तो मुद्दामच लागला असे धरून चालतात. हा शत्रुत्व गृहीत धरण्याचा कल लहानपणी मार खाल्लेल्या, वस्तीत सतत सावध राहावे लागलेल्या माणसांत जास्त असतो, आणि तुरुंगात येणाऱ्यांत अशांची संख्या मोठी असते. प्रत्यक्षात हे कसे घडते ते सकाळच्या हौदावर पाहावे. पाणी ठरावीक वेळच असते, शंभराहून अधिक माणसांना तेवढ्यात आंघोळ, कपडे आणि पिण्याचे पाणी उरकायचे असते. कोणीतरी वाट काढताना दुसऱ्याची बादली पायाने बाजूला सारतो. ज्याची बादली हलली तो पाण्याचा विचार करीत नाही. आजूबाजूच्या वीस जणांनी हे पाहिले आहे, आज गप्प बसलो तर उद्या माझी झोपायची जागा जाईल, हा हिशेब त्याच्या डोक्यात अर्ध्या क्षणात होतो. नंतर दवाखान्यात टाके घालून घेताना तो म्हणतो, ‘साहेब, बादलीचं काही नव्हतं, त्याने बघून केलं.’ या ‘बघून केलं’ मध्ये सारे मानसशास्त्र आले. शिवाय त्याचा हिशेब पूर्णपणे चुकीचाही नसतो. बराकीत गप्प बसणाऱ्याची जागा खरोखरच जाते. म्हणजे बाहेर शिकलेली समजूत आत आल्यावर रोज खरी ठरत राहते, आणि इथेच दोन सिद्धान्तांमधील भिंत पडते.

आता वंचनेचा सिद्धान्त. ग्रेशम साइक्स यांनी न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या अतिसुरक्षित तुरुंगाचा अभ्यास करून १९५८ साली पाच वंचना सांगितल्या : स्वातंत्र्याची, वस्तू आणि सेवांची, स्त्रीसहवासाची, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची आणि सुरक्षिततेची. शेवटची वंचना मला सर्वांत मार्मिक वाटते. तुरुंगातील सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे इतर कैद्यांसोबत राहावे लागणे, असे तिथल्या एका कैद्याचेच म्हणणे साइक्स यांनी नोंदवले आहे. पाचही वंचना माणसाच्या स्वतःविषयीच्या प्रतिमेवर घाव घालतात, आणि कैद्यांची अलिखित संहिता, मोठेपणाची उतरंड, प्रसंगी हिंसा ही त्या घावापासून बचावाची साधने असतात, अशी ही मांडणी आहे.

या सिद्धान्तावरचा जुना आक्षेप रास्त आहे. वंचना रोजची असते, हिंसा मात्र अधूनमधून होते. स्वातंत्र्य हिरावल्यामुळेच माणूस हात उचलत असेल तर प्रत्येक तुरुंग रोज पेटायला हवा. प्रत्यक्षात बहुसंख्य कैदी बहुतेक दिवस निमूटपणे काढतात, ही गोष्ट बाहेरच्या वाचकाला खरी वाटत नाही, पण ती आहे.

गर्दीच्या बाबतीतही असेच घडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि प्रत्यक्ष बंदी ५,७३,२२० होते. म्हणजे व्याप्ती १३१.४ टक्के. हा सरासरीचा आकडा आहे. महानगरांतील तुरुंगांत स्थिती याहून बिकट असते. आर्थर रोडची अधिकृत क्षमता अनेक वर्षे ८०४ होती आणि आत तीन हजारांच्या आसपास माणसे राहत होती. आदर्श कारागृह नियमावलीने बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जागा सांगितली आहे. अशा बराकीत ती वीतभर मोजून घ्यावी लागते आणि रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून. असे असूनही जगभरच्या अभ्यासांत गर्दी आणि हिंसा यांचा संबंध सरळ रेषेत निघत नाही : काही ठिकाणी तो ठळक दिसतो, काही ठिकाणी अजिबात दिसत नाही. अमेरिकेतील ३७१ तुरुंगांची माहिती तपासणाऱ्या १९९५ च्या एका अभ्यासात गर्दीपेक्षा व्यवस्थापनाचा दर्जा अधिक निर्णायक ठरला होता.

माझ्या समजुतीप्रमाणे गर्दी स्वतः हात उगारत नाही. ती झोप कमी करते, आवाज वाढवते, प्रत्येक साध्या गोष्टीसाठी रांग लावते आणि त्या रांगेत कोण पुढे, कोण मागे हा प्रश्न दिवसातून अनेकदा उभा करते. शौचालय, फोन, घरच्यांशी मुलाखत, कॅन्टीन, पंख्याखालची जागा, टीव्हीवरचा चॅनेल अशा प्रत्येक ठिकाणी मघाशी सांगितलेला बादलीचा प्रसंग घडू शकतो. हे प्रसंग कमी केले तर काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडमधील वुडहिल तुरुंगात मिळते. डेव्हिड विल्सन यांनी तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अत्यंत हिंसक कैद्यांसाठी दोन विभाग उभारले. आवाज कमी केला, उष्मा कमी केला, बाहेरचे दिसेल अशी सोय केली, कोंडल्यासारखे वाटणार नाही याची काळजी घेतली. हिंसा जवळजवळ थांबली. हा काटेकोर प्रयोग नव्हता, त्यात कर्मचारीही निवडक असणार; तरी सर्वांत हिंसक म्हणून वेगळे काढलेली माणसेच तिथे शांत राहिली, ही गोष्ट बाजूला सारता येत नाही.

कॅलिफोर्निया आणि वुडहिल परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाही. कॅलिफोर्नियात बदलला तो बंदोबस्ताचा दर्जा, म्हणजे कुंपण, पहारा आणि सोबतचे कैदी. माणसाच्या दिवसभराच्या लहानसहान झटापटी कमी झाल्या की नाही, हे त्या वर्गीकरणातून कळत नाही. वुडहिलमध्ये नेमक्या त्याच कमी केल्या गेल्या. ‘परिस्थिती’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला जातो म्हणून गोंधळ होतो.

यानंतर अनिश्चिततेचा मुद्दा येतो, आणि भारतीय तुरुंगांच्या संदर्भात मी त्याला सर्वांत जास्त वजन देतो. साइक्स यांच्यासमोरचे कैदी शिक्षा झालेले होते. आपली शिक्षा किती, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे २०२२ मध्ये एकूण बंद्यांपैकी ७५.८ टक्के न्यायाधीन, बराकीतल्या भाषेत कच्चे कैदी होते. ज्याला दहा वर्षांची शिक्षा लागली आहे तो दिवस मोजतो, कामाला लागतो, संचित रजा कधी मिळेल याचा अर्ज लिहितो. ज्याचा खटलाच उभा राहिलेला नाही त्याला मोजायला काहीच नसते. त्याचे सारे आयुष्य पुढच्या तारखेभोवती फिरते. तारखेच्या आदल्या दिवशी तो कपडे धुतो, दाढी करतो, घरचे कोर्टात भेटतील म्हणून मनात वाक्ये जुळवतो, आणि सकाळी कळते की पोलिसांचा गार्ड आला नाही, आज कोणालाच नेणार नाहीत. व्हिडिओद्वारे हजेरी सुरू झाल्यापासून तारीख कागदोपत्री तरी पडते, पण आईचा चेहरा दिसत नाही. अशा दिवशीची संध्याकाळ, विशेषतः गिनतीनंतर बराक बंद होण्याच्या सुमाराची वेळ, अनुभवी वॉर्डन न सांगता ओळखतात. मारामारी मात्र न्यायालयावरून होत नाही. ती आमटीतल्या पाण्यावरून होते.

मानसशास्त्रात याची बैठक जुनी आहे. डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये वैफल्य आणि आक्रमकता यांचा संबंध जोडला, पण प्रत्येक वैफल्यातून आक्रमकता येते हे त्यांचे म्हणणे टिकले नाही. लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी १९८९ मध्ये त्याची दुरुस्ती केली. अडथळ्यातून अप्रिय भावना निर्माण होते, ती जितकी तीव्र तितकी आक्रमकतेची शक्यता अधिक. आणि अडथळा अनपेक्षित असला, कोणीतरी मुद्दाम आणला असे वाटले, तर ती भावना फार तीव्र असते. तुरुंगातील कष्ट अपेक्षित असतात, म्हणून ते सोसले जातात. न झालेली तारीख, कारण न देता फेटाळलेला रजेचा अर्ज, अचानक बंद केलेली मुलाखत या गोष्टी अपेक्षा निर्माण करून मोडतात. तुरुंग प्रशासनाला मी नेहमी एकच सुचवत आलो आहे : नकार द्यायचाच असेल तर तो वेळेवर, लेखी आणि कारणासह द्या. यासाठी पैसा लागत नाही. तरीही ते क्वचितच होते, कारण कारण दिले की त्याला आव्हान देता येते.

न्याय झाला असे वाटणे आणि शांतता यांचा संबंध तुरुंगाच्या इतिहासात सर्वांत स्पष्टपणे मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज दंग्याने दाखवला. १ एप्रिल १९९० रोजी तिथल्या प्रार्थनागृहात उठाव झाला आणि तो २५ दिवस चालला. ९७० जणांच्या तुरुंगात तेव्हा १,६४७ कैदी होते. न्यायमूर्ती वुल्फ यांच्या १९९१ च्या चौकशी अहवालाने गर्दी आणि घाण यांची दखल घेतलीच, पण सुरक्षा, नियंत्रण आणि न्याय या तिन्हींचा तोल राहिला नाही तर तुरुंग स्थिर राहत नाही, असे स्पष्ट बजावले. तक्रार ऐकून घेणारी विश्वासार्ह यंत्रणा नसणे हे दंग्याचे एक कारण म्हणून अहवालात आले, आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये तुरुंगांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला गेला.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईतील भायखळ्याच्या महिला कारागृहाचे आहे. २०१७ च्या जूनमध्ये वॉर्डर म्हणून, म्हणजे इतर बंद्यांवर देखरेखीचे, काम करणाऱ्या एका शिक्षाबंदी स्त्रीचा कर्मचाऱ्यांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाल्याचा आरोप झाला. वादाची सुरुवात अंडी आणि पाव यांच्या हिशेबातून झाल्याचे तक्रारीत म्हटले होते. सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला, आणि मृत्यूची बातमी पसरताच झालेल्या उद्रेकाबद्दल दोनशेहून अधिक बंदी स्त्रियांवर दंगलीचा. स्त्रिया तुरुंगात आक्रमक नसतात, त्या फक्त रडतात किंवा स्वतःला इजा करून घेतात, या समजुतीला या घटनेने धक्का दिला. त्या दिवशी दगड उचलणाऱ्या बहुतेक जणींच्या नावावर पूर्वीची हिंसा नसणार, आणि वंचना तर आदल्या आठवड्यातही तेवढीच होती. बदलले ते एवढेच की आपल्यापैकी एकीला अन्यायाने मारले गेले आणि हे प्रकरण दाबले जाईल, अशी सर्वांची एकाच वेळी खात्री पटली. दंगा आणि बराकीतील मारामारी यांची मानसिक यंत्रणा वेगळी असते, हेही यातून दिसते : मारामारीत माणूस स्वतःची प्रतिष्ठा वाचवतो, दंग्यात ‘आम्ही’ विरुद्ध ‘ते’ अशी रेषा ओढली जाते आणि रोज एकमेकींशी भांडणाऱ्या एका बाजूला येतात.

अवमानाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगांत अनेक वर्षे काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जेम्स गिलिगन यांचे मत असे की, गंभीर हिंसेच्या मुळाशी बहुधा लाज आणि अपमान असतो. ज्याच्याकडे आपली पत सांभाळण्याचे दुसरे साधन उरलेले नाही तो हाताने ती परत मिळवतो. साइक्स यांच्या यादीत नसलेली एक वंचना भारतीय तुरुंगात पूर्वापार आहे, ती म्हणजे जातीवरून वाट्याला येणारे काम. अनेक राज्यांच्या नियमावल्यांत स्वयंपाक कोणी करावा आणि शौचालये कोणी साफ करावीत हे जातीनुसार सुचवणारी कलमे टिकून होती. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. कागदावरचा नियम गेला तरी ‘हे काम तुझंच’ असे बराकीत म्हणण्याची सवय लगेच जात नाही, आणि ज्या दिवशी एखादा तरुण ते काम नाकारतो त्या दिवशीच्या नोंदवहीत फक्त ‘बंद्याने उद्धट वर्तन केले’ असे लिहिलेले सापडते.

स्टॅनफर्डच्या प्रयोगाबद्दल मी स्पष्टच सांगतो. ऑगस्ट १९७१ मधील तो प्रयोग पुरावा म्हणून वापरू नये. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत थांबवावा लागला, साध्या विद्यार्थ्यांना गणवेश चढवताच ते क्रूर झाले, ही कथा इतकी आकर्षक आहे की ती तपासून पाहायला अनेक दशके लागली. थिबो ल तेक्सिए यांनी २०१९ मध्ये मूळ ध्वनिफिती आणि कागदपत्रे तपासून दाखवले की, पहारेकऱ्यांना कडक वागण्याच्या सूचना दिल्या जात होत्या. प्रयोग करणाऱ्या झिम्बार्डो यांच्या स्वतःच्या वर्णनातही सारे पहारेकरी क्रूर नव्हते. साधारण एकतृतीयांश होते. त्याहून सूचक काम कार्नाहन आणि मॅकफार्लंड यांनी २००७ मध्ये केले. त्यांनी दोन जाहिराती दिल्या : एकीत नुसता मानसशास्त्रीय अभ्यास म्हटले होते, दुसरीत स्टॅनफर्डच्या मूळ जाहिरातीप्रमाणे तुरुंगजीवनाचा अभ्यास. दुसऱ्या जाहिरातीला प्रतिसाद देणाऱ्यांत आक्रमकता आणि हुकूमशाही वृत्ती सरासरीने जास्त होती. म्हणजे परिस्थितीचा विजय म्हणून जो प्रयोग शिकवला जातो, त्यातही माणसे काहीतरी घेऊनच आली असण्याची शक्यता आहे. हॅस्लम आणि राइकर यांनी डिसेंबर २००१ मध्ये बीबीसीसाठी केलेल्या तशाच अभ्यासात तर पहारेकऱ्यांची एकजूटच झाली नाही आणि कैद्यांनी त्यांची सत्ता उलथवली. त्यांचा निष्कर्ष मला प्रत्यक्षाशी अधिक जुळणारा वाटतो : भूमिका आपोआप माणसाला गिळत नाही, आपण या गटाचे आहोत आणि हे वागणे या गटाला शोभते असे पटले, तरच तो तसा वागतो. वरिष्ठ अधिकारी काय खपवून घेतात यावर कनिष्ठ रक्षकाचा हात किती सुटतो हे ठरते, हे कारागृहात काम केलेल्या कोणालाही माहीत असते.

पाठ्यपुस्तकांत ज्याला क्वचितच जागा मिळते असा एक विषय म्हणजे आतली अनौपचारिक सत्ता. साइक्स ट्रेंटनला पोहोचले ते १९५२ च्या दंग्यांनंतर. त्यांचे निरीक्षण असे होते की, प्रशासनाने कैद्यांच्या म्होरक्यांना मिळणाऱ्या सवलती काढून शिस्त आवळली, तेव्हा बराकी शांत ठेवणारी माणसेच दुबळी झाली आणि उपद्रवी मंडळींना मोकळे रान मिळाले. आपल्या बराकीतील ‘भाई’ झोपायच्या जागा वाटतो, भांडणे मिटवतो आणि त्याचा मोबदला घेतो. ही व्यवस्था अन्यायाची आहे, गरीब आणि नवख्या कैद्याला ती चिरडते, आणि तिच्यामुळे शांतता राहते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. नवा अधीक्षक आल्यावर पहिल्याच महिन्यात भाईला दुसऱ्या तुरुंगात हलवतो आणि जागा वाटायचे काम कोणाकडेच देत नाही, तेव्हा पुढचे काही आठवडे दवाखान्यात गर्दी वाढते. भाईची सत्ता मोडायची असेल तर जागा, पाणी आणि फोन यांचे वाटप आधी प्रशासनाने हातात घेतले पाहिजे.

बदलीचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवतो. मारामारीनंतर प्रशासनाचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘उपद्रवी’ बंद्याला वेगळ्या कोठडीत टाकणे किंवा त्याची बदली. यामागे स्वभावाचा सिद्धान्त गृहीत धरलेला असतो, कोणी तो वाचलेला असो वा नसो. काही जणांच्या बाबतीत ते योग्यही ठरते. पण त्याच बराकीत पुढच्या महिन्यात दुसरीच दोन नावे त्याच कारणावरून भिडली, तर दोष नावांत नाही हे मान्य करावे लागेल.

वैद्यकीय कारणे थोडक्यात. दारू किंवा ब्राऊन शुगर अचानक तुटलेला माणूस पहिल्या आठवड्यात हिंसक झाला, तर त्याला समुपदेशन नव्हे, उपचार हवा असतो. डोक्याला पूर्वी झालेली इजा, मिरगी, न ओळखलेला मनोविकार, कानात येणारे आवाज या गोष्टी बराकीत ‘नाटक’ म्हणून खपतात आणि त्यावर मार मिळतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ ने प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना असावी असे सांगितले आहे. मोठ्या तुरुंगात एक तज्ज्ञ आठवड्यातून काही तास येतो, त्यावर हे भागत नाही. ब्लेडने स्वतःचे हात कापून घेणे हाही आक्रमकतेचाच भाग मानावा. तक्रार कोणी ऐकत नाही असे वाटले की हात कधी दुसऱ्यावर पडतो, कधी स्वतःवर. एकाच माणसाच्या नोंदीत मी दोन्ही पाहिले आहेत.

आता प्रबंधाविषयी. शिक्षेच्या नोंदवहीवरून हिंसा मोजू नये. तिथे जे लिहिले जाते ते घडलेल्यापैकी थोडेच असते, आणि काय लिहायचे हे त्या दिवशीच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असते. दवाखान्याच्या नोंदी अधिक प्रामाणिक असतात. ‘न्हाणीघरात घसरून पडला’ अशा नोंदींची संख्या बराकीनुसार लावून पाहिली तर बरेच कळते. खुल्या कारागृहांची तुलना करायचा मोह होईल. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये मॉरिस फ्रायडमन यांच्या प्रेरणेने वसवलेले स्वतंत्रपूर, किंवा पैठण आणि विसापूर येथील खुली कारागृहे शांत असतात हे खरे. पण तिथे चांगल्या वर्तनावरून निवडलेले, सुटका जवळ आलेले शिक्षाबंदीच जातात. ती शांतता निवडीची किती आणि वातावरणाची किती, हे वेगळे काढता येत नाही, म्हणून हा मोह टाळावा.

त्याऐवजी एकाच कारागृहातील मारामारीचे प्रसंग घ्यावेत आणि प्रत्येक प्रसंगाची वेळ, जागा, वाद कशावरून झाला, पाहणारे किती होते, त्या दोघांची मागची तारीख केव्हा झाली किंवा हुकली, घरचे शेवटचे कधी भेटले आणि आदल्या रात्री झोप किती झाली, हे नोंदवावे. स्वभावमापनाच्या चाचण्या द्यायच्या असतील तर त्या मारामारी न केलेल्या, त्याच बराकीतील तितक्याच जणांनाही द्याव्यात, नाहीतर तुलनेला आधार राहणार नाही. इंग्रजी चाचण्यांचे घाईघाईने केलेले मराठी भाषांतर निरक्षर किंवा हिंदीभाषक बंद्यापुढे टाकून मिळालेल्या गुणांना अर्थ नसतो. पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची आणि आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी मिळायला अनेक महिने लागतात, म्हणून अर्ज विषय नक्की होताच करावा. मुलाखती तुरुंगाधिकाऱ्याच्या खोलीत घेऊ नयेत; दवाखान्याचा किंवा विधी सेवा कक्षाचा कोपरा मागून घ्यावा. आणि मारामारीतील दोघांनाही तोच प्रश्न वेगवेगळा विचारावा : समोरच्याने ते का केले असे तुम्हाला त्या क्षणी वाटले? दोघांची उत्तरे शेजारी शेजारी लिहून काढली की पहिल्या दहा प्रसंगांतच प्रबंधाची दिशा हाती येईल.